तिचं बोलणं फक्त मला कळायचं

माझा आवाज मोठा आहे. घरात बोलले तर गल्लीत कळतं, आज आमच्याकडं भाजी कसली केलीय ते. लग्न होऊन तलवाड्याला आले तेव्हा नवऱ्याच्या मित्रांनी त्याला विचारलं होतं म्हणे, बायको आणलीस का भोंगा? त्यानं ते मला सांगितलं, आणि मी त्या मित्रांना काय म्हणाले तेही सगळ्या गल्लीनं ऐकलं.

हा आवाज माझ्या धंद्याला मात्र बरा पडला. एसटी स्टँडजवळ पत्र्याचं एक दुकान आहे माझं. तिथं मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पोरांच्या शिष्यवृत्त्या. म्हातारी माणसं येतात, त्यांना कमी ऐकू येतं, बाहेर गाड्यांचे हॉर्न चालू असतात आणि आत प्रिंटर कुरकुरत असतो. मी एकदा विचारलं की त्यांना ऐकू जातं. दिवसभर दुसऱ्यांच्या वतीनं उत्तरं द्यायची, नाव काय, गट नंबर काय, वारस किती. तेच माझं काम.

माझ्या लेकीच्या वतीनंही तीन वर्षं मीच उत्तरं दिली. ही सगळी हकीकत त्याची आहे.

लेक वर्षाची झाली आणि तिचे कान वाहायला लागले. महिना दीड महिना बरा जायचा, मग एके दिवशी ती उशीवर कान घासायला लागायची, अंग तापायचं, आणि सकाळी उशीवर पिवळा डाग दिसायचा. गेवराईचे डॉक्टर बाटली लिहून द्यायचे. बाटली संपली की कान कोरडा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. माझ्या जाऊबाई म्हणायच्या, "लेकराचा कान वाहनारच. आमच्या समद्याच पोरांचे वाह्यलेत." त्यांचा इलाज एकच. लोखंडी पळीत तेल तापवायचं, दोन लसणाच्या पाकळ्या लाल करायच्या, तेल कोमट झालं की कानात दोन थेंब. त्यांच्या दोन्ही पोरांना तेच केलं, आणि माझ्या नवऱ्यालाही. त्या या घरात आल्या तेव्हा तो शाळेत जात होता. त्याच्या कानातही त्यांनीच तेल घातलंय. आमच्या घरात सगळ्यांचे कान जाऊबाईंच्या हाताखालून गेलेले.

पोरगी अडीच वर्षांची झाली तरी हाक मारल्यावर वळून बघायची नाही. नवऱ्यानं मारलेली हाक नाही, दिरांची नाही. जाऊबाईंचा आवाज तर इतका बारीक की तो आम्हालाच ऐकू यायचा नाही. पण मी हाक मारली की वळायची. "पोरगी फक्त आईचं ऐकती," असं सगळं घर म्हणायचं, आणि मी फुगून जायचे. आता सांगायला लाज वाटते. ते दुखणं होतं, आणि मी त्याला माया समजले.

आमची दोघींची बोलायची एक रीत ठरून गेली होती. मला काही सांगायचं असलं की मी तिची हनुवटी धरायची, तोंड माझ्याकडं वळवायची आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं म्हणायची. तिला काही सांगायचं असलं की ती माझे दोन्ही गाल तळव्यांत धरायची, माझं तोंड तिच्याकडं फिरवायची आणि मग बोलायची. तिच्या बोलण्यातल्या बऱ्याच शब्दांचं पहिलं अक्षर निम्मं गळालेलं असायचं. पाणी म्हणजे 'आनी', भाकर म्हणजे 'आकल', तेल म्हणजे 'एल'. असे तिचे त्रेचाळीस शब्द मी दुकानातल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते. समोर त्यांचा अर्थ. पाहुणे यायचे, ती काहीतरी म्हणायची, आणि सगळे माझ्याकडं बघायचे. "काय म्हनती गं ती?" मग मी सांगायची. ते सगळे माझ्याकडं बघायचे ना, तो क्षण मला फार आवडायचा.

आता कबूलच करायचं तर हेही करते. मी कधीकधी तिच्या बोलण्याचा अर्थ माझ्या सोयीनं सांगायची. जाऊबाई तिला उचलायला हात पुढं करायच्या, पोरगी काहीतरी पुटपुटायची, आणि मी म्हणायची, "आत्ता नको म्हणते." ती तसं म्हणालेली नसायची. जाऊबाई हात मागं घ्यायच्या आणि कामाला लागायच्या. कोण तपासणार होतं?

शेवटी तिला चौथं वर्ष लागल्यावर बीडला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कानात दुर्बीण घालून बघितलं, मशीन लावलं, कागदावर एक रेघ काढून दाखवली. पडद्यामागं चिकट पाणी साचून राहिलंय म्हणाले, सारखं पिकतंय ते त्यामुळंच, आणि ऐकूही कमी येतंय. मग त्यांनी विचारलं, "घरात ती कुणाचं ऐकते?"

"फक्त माझं," मी म्हणाले. मान ताठ करून.

"बरोबर आहे. तुमचा आवाज मोठा आहे," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला लागले.

म्हणायला ऑपरेशन, पण छोटंच होतं ते. पडद्याला बारीक छेद द्यायचा, आतलं पाणी ओढून घ्यायचं आणि छेदात एक नळी बसवायची. नळी ज्वारीच्या दाण्याच्या निम्मीसुद्धा नाही. सहा महिने, वर्षभर ती तिथं राहते आणि मग आपोआप पडते. सकाळी सातला आत नेलं, चहा पिऊन होईपर्यंत बाहेर आणलं. शुद्धीवर आली तेव्हा ती खूप रडली, केळं दिलं तर फेकून दिलं, आणि संध्याकाळच्या आत आम्ही घरी होतो. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये. अंघोळीच्या आधी कापसाला व्हॅसलीन लावून कानात बसवायचं. आणि तेल तर अजिबात नाही, कोमट नाही, लसणाचं नाही, कसलंच नाही. नळीतून ते थेट आत जातं.

हे मी घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं. माझ्या आवाजात सांगितलं, म्हणजे गल्लीलाही सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातून मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून आणलं, 'कानात तेल पाणी घालू नये', आणि न्हाणीच्या दाराला चिकटवलं. घरात तेल घालणारं माणूस एकच होतं. तो कागद कुणासाठी आहे हे सांगायची गरज नव्हती. जाऊबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी तो बोट फिरवत वाचला आणि खाली वाकून बादली उचलली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी अंथरुणात उठून बसली आणि वर बघायला लागली. पंख्याचं पातं एका बाजूनं टिकटिक करतं आमच्या, ते ती ऐकत होती. मग उतरून फ्रिजला कान लावून उभी राहिली. मी स्वयंपाकघरातून नेहमीसारखी हाक मारली, "उठली का गं माझी चिमणी?" तिनं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

"आई, ओअडू को," ती म्हणाली. ओरडू नको.

नवरा हसला, मीही हसले. जाऊबाई दारात तूर निवडत बसल्या होत्या, त्याही तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांना बघून माझं हसू निम्म्यातच थांबलं.

मग जे सुरू झालं ते मला अजून नीट गिळता आलेलं नाही. माझी जाऊ अबोल आहे असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. वीस वर्षं झाली त्या या घरात आहेत आणि दिवसाला दहा वाक्यं बोलल्या असतील नसतील. माझ्या लेकीनं शोधून काढलं की ही बाई दिवसभर बोलतेच आहे. शेळ्यांशी बोलते, तुरीशी बोलते, झाडताना खराट्याशी बोलते. फक्त इतक्या बारीक आवाजात की आमच्यासारख्या धडधाकट कानाच्या माणसांपर्यंत ते कधी पोचलंच नाही. नळ्या बसल्यावर पोरगी त्यांच्या मागं मागं फिरायला लागली. त्या शेळ्यांचं शेण काढायच्या, ही शेजारी उकिडवी बसायची आणि ऐकायची. तिला कुणी बारीक आवाजात काही सांगणारं आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं.

मी सकाळी नऊला दुकान उघडते आणि सहाला घरी येते. आधी माझी चप्पल दारात वाजायच्या आत ती पळत यायची, म्हणजे दिसले की यायची. आता मी अंगणात उभी राहायचे आणि दोघी गोठ्याच्या मेढीला टेकून बसलेल्या दिसायच्या. ती मान वर करायची, मी आलेय हे बघायची आणि पुन्हा जाऊबाईंच्या तोंडाकडं वळायची. गोष्ट अर्धी राहिलेली असायची ना.

एकदा मी दाराआड उभी राहून चोरून ऐकलं, एवढं सांगतात तरी काय म्हणून. मला वाटलं परीबिरी असेल. जाऊबाई काळ्या शेळीचं घराणं सांगत होत्या. "हिची माय सिरसाळ्याच्या बाजारातून आनल्याली. लई वांड. दावं तोडून पळायची. मी माहेरून येताना संगं घेऊन आलते तिला. टेम्पोत बसनाच गेली, मंग मी आदी बसले, मंग ती बसली." एवढंच. आणि माझी लेक असा श्वास रोखून ऐकत होती की पुढं त्या शेळीचं काय होणार. मी तिच्यासाठी बीडहून बटण दाबलं की बोलणारी बाहुली आणली होती. ती बाहुली ज्वारीच्या पोत्यावर उताणी पडली होती.

शब्द वाढायला लागले. रोज दोन, रोज चार. कडबा, दावं, वेसण, करडू. आता त्यांची पहिली अक्षरंही पुष्कळशी जागेवर यायला लागली होती. डॉक्टर म्हणाले होते की पोर लवकर सुधारेल, तसंच होत होतं, आणि आईनं आनंदानं नाचायला हवं होतं. मी वहीत लिहायला बसायची आणि ज्या शब्दावर हात ठेवायची तो जाऊबाईंचा निघायचा. जाऊबाईंना ती मोठाई म्हणायची. वाक्यं बोलायला लागली तर प्रत्येक वाक्य 'मोठाई म्हनती' असं सुरू व्हायचं. मोठाई म्हनती आज ढग येतील. मोठाई म्हनती तूर किडली. शंभराच्या थोडं पुढं गेल्यावर मी ती वही मिटून टाकली.

जळत होते मी. दुसरा शब्द नाही त्याला. स्वतःच्या लेकराला नीट ऐकू येतंय म्हणून पोटात दुखणारी आई कुणी बघितलीय? ती मी होते. मी दुकान पाचला बंद करून बघितलं. आवाज बारीक करून बघितला, तर गिऱ्हाइकं विचारायला लागली, "ताई, बरं न्हाई का?" घरी मी हळू बोलायला गेले की निम्म्यातच विसरून पुन्हा माझ्या पट्टीत जायचे, आणि पोरगी कानावर हात न्यायची. जाऊबाई मग तिचा हात हळूच खाली घ्यायच्या. तो हात खाली घेणंही मला खुपायचं. माझ्या लेकीला माझा आवाज सोसायला तुम्ही शिकवणार का?

आणि संध्याकाळी आल्या आल्या मी पहिलं काम काय करायचे, तर पोरीला जवळ ओढून तिच्या कानाचा वास घ्यायचे. लसणाचा वास येतो का बघायला. जाऊबाईंच्या समोर. रोज. एकदाही आला नाही. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि त्यांनी काहीतरी बोलावं, निदान एक तरी वाकडा शब्द जावा त्यांच्या तोंडून, असं मला फार वाटत होतं.

अशात दिवाळी आली. आमच्या घरात पहिल्या अंघोळीला सगळ्या पोरांना तेल लावायचा मान जाऊबाईंचा. त्या पाट मांडतात, वाटीत तेल कोमट करतात, उटणं भिजवतात, आणि पोरं एकेक करून पाटावर बसतात. यंदा त्यांचा धाकटा बीडच्या क्लासवरून आदल्या दिवशीच आला होता, तोही अजून त्यांच्या हातचं तेल लावून घेतो. मी आधीच सांगून टाकलं, "माझीला मी न्हाऊ घालणार."

"घाल की," त्या म्हणाल्या.

उजाडत होतं. मी पोरीला पाटावर बसवलं. दोन्ही कानांत व्हॅसलीनचा कापूस बसवला, तो मात्र विसरले नाही. जाऊबाई दाराशी गरम पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या, ओवाळायचं ताट बाजूला ठेवलेलं. त्या बघतायत हे मला माहीत होतं. आणि मला दाखवायचं होतं. मलाही येतं सगळं, माझ्याही आईनं मला असंच न्हाऊ घातलंय, एकही गोष्ट राहायची नाही. टाळूवर तेल जिरवलं. तळहात चोळले. तळपाय चोळले, ती खिदळली. बेंबीत बोट बुडवलं. कानशिलांवर तेल चोळायला कापूस आड येत होता म्हणून उजव्या कानातला काढून बाजूला ठेवला, एवढं चोळून परत बसवते म्हणून. आणि मग करंगळी तेलात बुडवून मी तिच्या उजव्या कानात थेंब सोडला. माझी आई शेवटी तेच करायची. बेंबीनंतर कान. हात आपोआप गेला.

ती दचकली, मान झटकली. तेव्हा मला कळलं. न्हाणीच्या दारावर माझाच कागद होता, समोरच. मी पदराचं टोक पिळून कानात घातलं, टिपलं, कापूस कोंबला. दाराकडं बघितलं तर जाऊबाई वाकून बादली खाली ठेवत होत्या. बघितलं नसणार, मी स्वतःला सांगितलं. एक थेंब. एका थेंबानं काय होतंय. मग उटणं लावलं, पाणी घातलं, ओवाळलं, आणि ती गोष्ट मी माझ्यापुरती तिथंच पुरून टाकली.

भाऊबीजेच्या सकाळी पोरगी तापली. उशीवर पिवळा डाग. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. नवरा उशी हातात घेऊन उभा राहिला. "कान तर बरा झाला होता. कुनी काय घातलं का कानात?"

तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "मला काय ठाऊक? दिवसभर असते का ती माझ्याजवळ?"

माझ्या आवाजात म्हणाले. अंगणात जाऊबाई शेळीला पाला टाकत होत्या, त्यांचा हात थांबला. नवऱ्यानं खिडकीतून तिकडं बघितलं आणि उशी खाली ठेवली. त्यांच्या हातानं त्याचेही कान भरलेत लहानपणी. वयनीला कसं विचारणार तो? पण त्याच्या मनात काय आलं ते मला दिसलं, आणि खरं सांगते, मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं.

नणंद ओवाळायला आलेली होती, त्यामुळं नवऱ्याला घर सोडता येईना. दुसऱ्या दिवशी बीडला मी निघाले तर पोरगी जाऊबाईंचा पदर सोडेना. मोठाई पाहिजेच. शेवटी त्याही निघाल्या. गेवराईला गाडी बदलून बीड येईपर्यंत ती त्यांच्या मांडीवर होती आणि माझ्या मांडीवर पाण्याची बाटली.

डॉक्टरांनी दुर्बीण घातली, बराच वेळ बघितलं. "डावा कान छान आहे. उजव्यात तेल गेलंय. कुणी घातलं?"

मी पर्सची चेन उघडझाप करत राहिले. डॉक्टरांनी आधी माझ्याकडं बघितलं, जीन्सवरचा कुडता, खांद्याला पर्स, हातात मोबाईल. मग डोक्यावरून पदर घेतलेल्या जाऊबाईंकडं बघितलं. "मावशी, नको म्हणून सांगितलं होतं ना? नळीतून आत जातं ते. पोरीचं ऐकणं आहे हे, खेळ आहे का?" बरंच बोलले ते. जाऊबाईंनी पदर नीट केला आणि जमिनीकडं बघत ऐकून घेतलं. त्या नुसतं 'मी नाही' म्हणाल्या असत्या तरी पुरलं असतं. त्यांनी म्हटलं नाही.

पोरगी खुर्चीत बसली होती. परक्या माणसापुढं तिचं बोलणं अजूनही मागं जायचं, जुन्या वळणावर. खाली मान घालून ती पुटपुटली, "आईन एल आतलं."

"काय म्हणते ती?" डॉक्टरांनी विचारलं. मला विचारलं. तीन वर्षं सगळे मलाच विचारत आले होते.

मला कळलं होतं. जाऊबाईंनाही कळलं होतं, त्यांच्या मानेवरून दिसत होतं. माझ्या लेकीची भाषा आता त्यांनाही येत होती. तरीही मी म्हणाले, "घरी जायचं म्हणते."

पोरीनं मान वर केली. आधी मी तोंड दुसऱ्याकडं करून तिच्या वतीनं काय सांगते ते तिला कधी नीट उमगलं नव्हतं. आज डावा कान चांगला होता. ती खुर्चीत उभी राहिली, माझे दोन्ही गाल तळव्यांत धरले, माझं तोंड तिच्याकडं वळवलं आणि मी तिला जसं सांगायची तसं, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणाली, "मी. असं. न्हाई म्हनले. तू. तेल. घातलं."

पहिलं अक्षर कुठंही गळालं नव्हतं. डॉक्टरांना ते मी सांगायची गरज पडली नाही.

"मी घातलं, डॉक्टर," मी म्हणाले. "दिवाळीच्या अंघोळीला. यांनी नाही घातलं." माझा आवाज कधी नव्हे तो इतका बारीक निघाला की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

त्यांनी मशीननं कान ओढून साफ केला. ती रडली, जाऊबाईंनी पाय धरले, मी डोकं धरलं. नळी जागेवर आहे म्हणाले, आठवडाभर ड्रॉप घाला, नशीब तुमचं. जाऊबाईंना ते काही बोलले नाहीत. माफी मागितली नाही, पण बाहेर जाताना दार धरून उभे राहिले.

स्टँडवर गाडीची वाट बघताना मी विचारलं, "तुम्ही बघितलं होतं ना त्या दिवशी?"

"बगितलं."

"मग बोलला कावून न्हाईत?" मी घाईत असले की त्यांच्याच बोलीत जाते.

"तू पहिल्यांदा न्हाऊ घालत होतीस सनाला. लई खुशीत होतीस. थेंब तर पडून गेलता, मंग बोलून काय करायचं?" असं म्हणून त्या पोरीच्या नाकाला पदर लावायला वळल्या. आता सांगते, त्या क्षणीही मी जळले. इतकं चांगलं वागायची काय गरज होती त्यांना? दोन शिव्या दिल्या असत्या तर माझं निम्मं ओझं तरी उतरलं असतं.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. पोरगी त्यांच्या मांडीवर आडवी झाली, डावा कान वर, डोळे मिटलेले. इंजिन घरघरत होतं, खिडक्यांच्या काचा थडथडत होत्या. पाडळसिंगी मागं गेलं तरी माझं बोलणं होईना. मोठ्या आवाजात माफी मागता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी मान खाली घालून म्हणाले, "माझं चुकलं, जाऊबाई. मी तुमच्यावर ढकललं."

गाडीच्या आवाजात ते गेलं. त्या माझ्याकडं वाकल्या. "काय म्हनलीस गं?"

माझ्यानं दुसऱ्यांदा म्हणवेना. मांडीवरून पोरीनं डोळे उघडले. ती जागी होती. तिनं जाऊबाईंच्या पदराला ओढलं आणि त्यांच्यासारख्याच बारीक आवाजात सांगितलं, "आई म्हनती, माझं चुकलं, मी तुमच्यावर ढकललं."

जाऊबाईंनी मान हलवली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या वतीनं बोलताना तिनं एक अक्षरही बदललं नव्हतं.